अधिकृत प्रत आणि शुद्ध प्रत : जुन्या व्हिडिओ गेमच्या पुनःप्रकाशनाचा विचार

एखादा दुर्मिळ ग्रंथ पुन्हा छापला गेला म्हणजे अभ्यासक त्याच्यासंबंधी दोन प्रश्न विचारतो. ग्रंथ छापण्याचा अधिकार प्रकाशकास कोणाकडून मिळाला, हा पहिला. आणि छापलेली संहिता कोणत्या प्रतीवरून सिद्ध केली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्याच्या कक्षेत येते, दुसऱ्याचे पाठचिकित्सेच्या. या दोहोंचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. वारसांची रीतसर संमती घेऊन अत्यंत अशुद्ध आवृत्ती निघू शकते आणि कोणाचीही संमती न घेता काढलेली प्रत मुळाबरहुकूम असू शकते. जुन्या व्हिडिओ गेमच्या बाजारात ‘अधिकृत परवान्याने पुनःप्रकाशित’ ही अक्षरे आज वारंवार दृष्टीस पडतात. ती वाचून दोन्ही प्रश्नांचा निकाल लागला, असे सामान्य ग्राहक समजतो. वस्तुतः त्या अक्षरांनी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि तेही बहुधा अर्धवट.

महाराष्ट्रातील ग्राहकाच्या बाबतीत हा घोटाळा अधिक खोल आहे. त्याचे कारण येथील खेळांच्या इतिहासात सापडते. निंटेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र काढले व १९८५ पासून त्याचेच निराळे रूप अमेरिकेत विकण्यास आरंभ केला. भारतात ते यंत्र सर्वसामान्य घरांत पोहोचले ते मुख्यतः नकलेच्या रूपाने. पूर्व आशियात तयार झालेली, फॅमिकॉमच्या अंतर्रचनेवर बेतलेली यंत्रे १९९० नंतरच्या दशकात निरनिराळ्या नावांनी येथे विकली गेली. त्यांत बसवावयाच्या खेळाच्या पेटीस त्या काळी सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नावालाही नसे. कॅसेटवरील चिठ्ठीवर ‘९९९९ खेळ’ असा आकडा असे. प्रत्यक्षात मोजके खेळ असून तेच निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू होत पुन्हा पुन्हा येत. ही लबाडी मुलांच्या लवकरच ध्यानात येई. परंतु तक्रार करावी कोणाकडे, हा प्रश्न होताच.

अधिकृत मार्ग मुळीच नव्हता असे नाही. १९९५ साली सेगा कंपनीचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात विक्रीस आले. आयात मालावरील ऐंशी टक्के जकातीचा अडसर टाळण्यासाठी ही व्यवस्था झाली होती. तरीही यंत्राची किंमत अठरा हजार रुपयांच्या घरात होती. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरास ती झेपणारी नव्हती. तेव्हा नकली यंत्र हा येथील ग्राहकाने खऱ्या वस्तूला टाळून पत्करलेला पर्याय होता, असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. बहुसंख्यांच्या बाबतीत खरी वस्तू समोर आलीच नाही.

आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील चंदनसारसारख्या वस्तीत राहणारा, त्या दशकात शाळकरी वयाचा असलेला मनुष्य कमावता झाला आहे. जुन्या खेळांच्या ओढीने तो दोन वाटा धरतो. एक वाट विरारहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडपर्यंत जाते. तेथून जवळच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड, हा विद्युत्साहित्याच्या दुकानांचा रस्ता आहे. दुसरी वाट घरबसल्या मागणी नोंदवून परदेशातून पार्सल आणविण्याची. दोन्ही वाटांवर त्याला बालपणी खेळलेला खेळ ‘मूळ स्वरूपात’ मिळेल असे सांगितले जाते. मात्र त्याच्या आठवणीतील खेळ हा मूळ स्वरूपातील नव्हताच, याची जाणीव सांगणाऱ्यास नसते आणि ऐकणाऱ्यासही नसते.

उदाहरणार्थ, येथे ‘टँक’ या नावाने ओळखला जाणारा खेळ घ्यावा. विटांच्या भिंती फोडीत, तळाशी असलेल्या गरुडचिन्हाचे रक्षण करीत शत्रूचे रणगाडे नष्ट करावयाचे, असा तो खेळ. त्याचे मूळ नाव ‘बॅटल सिटी’. नामको या जपानी कंपनीने तो १९८५ साली फॅमिकॉमसाठी प्रसिद्ध केला. मुळात त्यात पस्तीस टप्पे होते आणि खेळणाऱ्याला स्वतःचे रणांगण रचण्याची सोयही होती. पुढे कोणा अज्ञात हातांनी त्यातील आज्ञा बदलून ‘टँक १९९०’ नावाची नवी संहिता तयार केली. बहुखेळी कॅसेटांतून ती सर्वदूर पसरली. अशा कॅसेटांत आरंभीच्या पडद्यावरील निर्मात्याचे नाव व हक्काची ओळ बहुधा पुसलेली असे. ज्या लेखनिकाने पोथी नकलताना पुष्पिकाच गाळली, त्याच्या प्रतीवरून ग्रंथकर्ता ओळखणे जसे दुर्घट, तसाच हा प्रकार होता. २०२० साली ‘नामको म्यूझियम आर्काइव्ह्ज’ या संग्रहाच्या दुसऱ्या खंडात ‘बॅटल सिटी’ अधिकृतपणे पुन्हा प्रसिद्ध झाला. तो विकत घेणाऱ्या मराठी ग्राहकाच्या हाती पडली ती मूळ संहिता, आणि ती त्याला परकी वाटणे संभवते. कारण त्याच्या स्मृतीत प्रक्षिप्त पाठच रूढ आहे. त्याच्यापुरते हे पुनःप्रकाशन नसून प्रथम प्रकाशन होय.

‘कॉन्ट्रा’ या खेळाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे अधिकृत पाठच एकाहून अधिक आहेत. कोनामी कंपनीने १९८७ साली तो नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी काढला. १९८८ साली त्याची घरगुती आवृत्ती निघाली. परंतु जपानमधील प्रत व अमेरिकेतील प्रत एकसारखी नव्हती. जपानी प्रतीत टप्प्याटप्प्यांमध्ये कथा सांगणारी चित्रे व नकाशा होता, झाडांची पाने हलत असत, हिमवृष्टी होत असे. अमेरिकन प्रतीतून हे सारे गळाले. २०१९ सालच्या ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये प्रथम यांपैकी काही आवृत्त्या आल्या व जपानी आवृत्त्यांची भर मागाहून पडली. अभ्यासकाच्या दृष्टीने हा संग्रह मोलाचा आहे तो खेळ सोपा वा सुंदर आहे म्हणून नव्हे, तर दोन पाठ शेजारी ठेवून ताडून पाहता येतात म्हणून. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठशुद्धी केली, त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला यातील महत्त्व निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

पाठभेदाचा आणखी एक प्रकार असा आहे की तो ग्रंथांत संभवतच नाही. तो म्हणजे वेगाचा. भारतातील दूरचित्रवाणी ‘पाल’ पद्धतीची असून तीत चित्राची क्षेत्रे सेकंदास पन्नास येतात. जपान व अमेरिकेतील पद्धतीत ती साठ येत. साठाच्या हिशेबाने रचलेला खेळ कोणतीही सुधारणा न करता पन्नासाच्या यंत्रावर चालविला, तर तो सुमारे एकषष्ठांशाने मंद होतो. पात्रे सावकाश धावतात व संगीताची लय उतरते. युरोपातील अनेक अधिकृत आवृत्त्यांतही हा दोष राहून गेला होता. सोनी कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये ‘प्लेस्टेशन क्लासिक’ हे छोटेखानी यंत्र काढले, तेव्हा त्यातील वीस खेळांपैकी नऊ खेळ या पन्नासाच्या युरोपीय प्रतींवरून घेतले होते. यंत्र अधिकृत, खेळ अधिकृत, निर्माता तर प्रत्यक्ष मूळ कंपनीच. तरीही आधारप्रतीची निवड चुकली. परवान्याची मुद्रा शुद्धतेची हमी देत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

कित्येकदा तर परवाना हाच पाठ बिघडविण्यास कारण होतो. सेगाच्या ‘क्रेझी टॅक्सी’ या १९९९ सालच्या खेळात गाडीवाल्याने उतारूंना खऱ्याखुऱ्या नावांच्या उपाहारगृहांपाशी व दुकानांपाशी पोहोचवावयाचे असे आणि पार्श्वभूमीला ‘ऑफस्प्रिंग’ व ‘बॅड रिलिजन’ या गायकवृंदांची गाणी वाजत. २०१० साली खेळ पुन्हा विक्रीस आला तेव्हा दुकानांची नावे कल्पित झाली होती आणि ती गाणी नाहीशी झाली होती. कारण त्या नावांचे व गाण्यांचे परवाने मूळ प्रकाशनापुरते होते. ‘ॲलन वेक’ या खेळाची विक्री मे २०१७ मध्ये याच कारणाने थांबली. संगीताच्या परवान्यांची मुदत संपली होती. ते नव्याने मिळाल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात खेळ पुन्हा उपलब्ध झाला. अर्थात कायद्याने निर्दोष अशी प्रत काढावयाची तर पुष्कळदा मूळ संहितेला कात्री लावावी लागते, आणि जुनी, हातोहात फिरलेली पहिली आवृत्तीच तेवढी पूर्ण राहते. दुर्मिळ प्रतीचे मूल्य पुनःप्रकाशनानंतरही घसरत नाही, त्याचे हे एक कारण असावे.

आता परवान्याची बाजू. ‘अधिकृत’ या शब्दामागे एकच हक्कधारक उभा आहे असे चित्र ग्राहकाच्या मनात असते. पुस्तकाच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही असते. व्हिडिओ गेम मात्र अनेक हक्कांची गाठोडी आहे. आज्ञावली, चित्रे, संगीत, पात्रांची नावे, व्यापारचिन्ह व कधी कधी एखाद्या नटाची मुखछबी, ही सारी निरनिराळ्या मालकांची असू शकतात. येथील मुलांना परिचित असलेल्या ‘ॲडव्हेंचर आयलंड’ या खेळाचा जन्मच या विभागणीतून झाला. ‘वंडर बॉय’ या १९८६ सालच्या खेळाचे नाव व नायक यांवर सेगाचा हक्क होता. म्हणून हडसन सॉफ्ट या कंपनीने तोच खेळ निंटेंडोच्या यंत्रासाठी काढताना नायक बदलला व नावही बदलले. पुढे २०१२ साली हडसन ही कोनामीत विलीन झाली. आज त्या खेळाच्या पुनःप्रकाशनाची संमती मागावयाची तर ज्या कंपनीने तो रचलाच नाही तिच्याकडे जावे लागेल.

‘गोल्डनआय ००७’ हा १९९७ सालचा खेळ असाच अडकून पडला होता. रचना रेअर या इंग्रज कंपनीची, प्रकाशन निंटेंडोचे, कथा व पात्रे चित्रपटनिर्मात्यांची. २००२ साली रेअर ही कंपनी निंटेंडोची प्रतिस्पर्धी असलेल्या मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. या साऱ्यांचे एकमत होऊन खेळ पुन्हा बाहेर येण्यास जानेवारी २०२३ उजाडले. तेव्हाही दोन कंपन्यांच्या यंत्रांवर दोन निरनिराळ्या प्रती निघाल्या. दूरस्थ मित्रांशी जाळ्यावरून खेळण्याची सोय एकीत, रुंद पडदा व सुस्पष्ट चित्र दुसरीत. दोन्ही अधिकृत, ग्राहकाने कोणती घ्यावी, हे त्याच्या हेतूवर अवलंबून.

याच्या उलट, परवान्याच्या अभावीच दुर्मिळ झालेला खेळही आहे. मॉस्को येथे १९८४ साली अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी रचलेला ‘टेट्रिस’ सर्वश्रुत आहे. अटारी गेम्सच्या टेंजेन या शाखेने १९८९ च्या मे महिन्यात त्याची निंटेंडोच्या यंत्रासाठी प्रत काढली. आपल्याकडे परवाना आहे अशी तिची समजूत होती. पण ज्या साखळीतून तो परवाना आला होता, तिच्या मुळाशी सोव्हिएत संस्थेने दिलेली परवानगी संगणकापुरतीच होती. घरगुती खेळयंत्र तीत येत नाही, असा प्रतिपक्षाचा दावा अमेरिकन न्यायालयाने मान्य केला. विक्री सुरू होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच प्रती बाजारातून उठवाव्या लागल्या. ज्या ग्राहकांच्या घरी त्या आधीच पोहोचल्या होत्या, त्यांच्याकडील प्रती आज संग्राहक शोधीत असतात. परवान्याची कडी मुळाशीच तुटलेली असल्यामुळे त्या संहितेचे अधिकृत पुनःप्रकाशन होणे दुरापास्त.

भारतीय कायद्यात या प्रश्नाची चौकट पुरेशी स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश वाङ्मयीन कृतीत झाला. हक्काचे हस्तांतरण लेखी असल्यावाचून ग्राह्य होत नाही, असे कलम १९ सांगते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजावा, अशीही तरतूद त्यात आहे. वाङ्मयीन कृतीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. घरगुती व्हिडिओ गेमचा व्यापारी इतिहास १९७२ पासून सुरू झाला असल्यामुळे कोणताही खेळ या देशात अद्याप हक्कमुक्त झालेला नाही. ‘आता हे खेळ सर्वांचेच झाले’ असे दुकानदार सांगतो, ते म्हणूनच अज्ञानमूलक समजावे. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून तिचा संगणकावर वापर करणाऱ्यासही कलम ६३ ब अन्वये शिक्षा आहे. घरातील एका कॅसेटसाठी हे कलम क्वचितच लावले जाईल. पण विद्यापीठाच्या विभागाने आपल्या संग्रहात काय ठेवावे, हे ठरविताना ते विसरून चालणार नाही.

मग खरेदीदाराने, विशेषतः अभ्यासासाठी खरेदी करणाऱ्याने, पाहावे काय? प्रथम आकडा पाहावा. निंटेंडोने २०१६ च्या नोव्हेंबरात काढलेल्या छोट्या यंत्रात तीस खेळ होते. पुढच्या वर्षी काढलेल्या दुसऱ्या यंत्रात एकवीस. प्रत्येक खेळाचा परवाना मिळवावा लागतो, म्हणून अधिकृत यंत्रातील खेळांची संख्या नेहमीच मर्यादित असते. दिसावयास हुबेहूब तसेच, परंतु पोटात सहाशेहून अधिक खेळ असल्याचे सांगणारे यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर ती १९९० नंतरच्या कॅसेटचीच वंशज आहे हे ओळखावे. त्यानंतर हक्काची ओळ वाचावी. अधिकृत वस्तूवर मूळ हक्कधारकाचे नाव, वर्ष आणि त्याच्या परवान्याने निर्मिती झाल्याचा उल्लेख असतो. केवळ ‘जुन्या यंत्रांशी सुसंगत’ एवढेच लिहिले असेल, तर त्याचा अर्थ यंत्र चालेल एवढाच. खेळ विकण्याची संमती आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे संहिता कोणी सिद्ध केली, हे शोधावे. जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर घडविणाऱ्या आज्ञावलीस एम्युलेटर म्हणतात. तो तयार करणाऱ्यांत जपानची एम-टू, अमेरिकेची डिजिटल इक्लिप्स अशा काही संस्थांनी नाव कमावले आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव पाहून विद्वान जशी आवृत्ती निवडतो, तशीच येथेही निवड करता येते. डिजिटल इक्लिप्सने २०२२ साली काढलेला ‘अटारी ५०’ हा संग्रह तर खेळांबरोबर मुलाखती, आराखडे व जुनी कागदपत्रे देतो. त्याला सटीप आवृत्ती म्हणणे वावगे होणार नाही. आधारसामग्रीच हरवली असेल तर मात्र उत्तम संपादकही निरुपाय होतो. कोनामीने २०१२ साली ‘सायलेंट हिल’ मालिकेतील दोन खेळांची नवी आवृत्ती काढविली तेव्हा अंतिम मूळ आज्ञावली उपलब्ध नव्हती. अपूर्ण मसुद्यावरून काम करावे लागले आणि आवृत्ती सदोष निघाली. याउलट ‘स्टार फॉक्स २’ हा खेळ १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तयार होऊनही प्रसिद्ध न होता राहिला होता. त्याची सामग्री जपून ठेवल्यामुळे २०१७ साली निंटेंडोच्या छोट्या यंत्रातून तो प्रथमच लोकांसमोर आला.

जुन्या यंत्रात प्रत्यक्ष बसणारी नवी कॅसेट हा अधिकृत पुनःप्रकाशनाचा सर्वांत मोहक व सर्वांत महाग प्रकार. अशा वस्तू मर्यादित संख्येने, मागणी आगाऊ नोंदवून काढल्या जातात. दुर्मिळता दूर करण्यासाठी निघालेली वस्तू निघतानाच दुर्मिळ केली जाते, यातील विसंगती लपून राहत नाही. २०१७ साली ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळाची ५,५०० प्रतींची अशी एक आवृत्ती निघाली. कॅपकॉम या मूळ कंपनीचा परवाना तिला होता. तथापि ती जुन्या यंत्रात वापरल्यास यंत्र तापून पेट घेऊ शकेल, असा इशाराही सोबत छापलेला होता. ज्या वस्तूचा एकमेव उपयोग ती जुन्या यंत्रात वापरणे हाच आहे, तिच्यावरील हा इशारा वाचून ग्राहकाने काय करावे, हे प्रकाशकानेच सांगावयास हवे होते. परदेशाहून मागविलेल्या अशा कॅसेटवर व्यक्तिगत वापराच्या कारणाने आयात शुल्क माफ होत नाही. वस्तूचे मूल्य व टपालखर्च यांत ते मिळवूनच किंमत धरावी, नाहीतर पार्सल दारात आल्यावर भांबावून जाण्याची पाळी येते.

जाळ्यावरून उतरवून घ्यावयाच्या प्रतींना शुल्काची ही अडचण नसते. त्यांची अडचण निराळी. तेथे वस्तू विकत मिळत नाही. वापराची संमती मिळते. निंटेंडोचे ‘वी’ यंत्रासाठीचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. त्यानंतरच्या दोन यंत्रांच्या दुकानांतील विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबली. तेथेच काय ते अधिकृतपणे पुनःप्रकाशित झालेले कित्येक खेळ पुन्हा अनुपलब्ध झाले. ग्राहकास मालकी मिळत नसताना ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये, किंवा वापरल्यास खरी स्थिती स्पष्ट सांगावी, असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने केला व तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी केवळ तेरा टक्के खेळ बाजारात मिळू शकत होते. उरलेल्या सत्त्याऐंशी टक्क्यांना हात लावावयाचा तर जुनी प्रत शोधा, संग्रहालयात जा, नाहीतर बेकायदा नक्कल वापरा, एवढेच मार्ग राहतात.

ही आकडेवारी अमेरिकेची. ज्या खेळांची रचना महाराष्ट्रातच झाली, त्यांची स्थिती काय आहे, हा येथील विद्यापीठांना अधिक जवळचा प्रश्न होय. मुंबईत १९९९ साली विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स ही कंपनी स्थापन केली. भ्रमणध्वनीवरील खेळांच्या आरंभीच्या काळात तिने पुष्कळ खेळ रचले. ‘बायोशॉक’ या जगप्रसिद्ध खेळाची भ्रमणध्वनीवरील आवृत्तीही तिचीच. या कंपनीतील बहुसंख्य भाग आधी टॉम ऑनलाइन या चिनी कंपनीने घेतला, पुढे यूटीव्हीने घेतला, आणि २०११ साली ती डिस्नेच्या ताब्यात गेली. तिचा एखादा जुना खेळ आज कोणास परवान्याने पुन्हा काढावयाचा असेल, तर या प्रत्येक हस्तांतरणाचे लेख, आणि खेळ दुसऱ्याच्या पात्रांवर आधारलेला असल्यास त्या मूळ मालकाची मुदतीची संमती, हे सारे तपासावे लागेल. मुंबईच्याच ट्राइन या संस्थेने गल्लीतील क्रिकेटवरचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा खेळ २०१० साली ‘प्लेस्टेशन २’साठी रचला. त्याच्या निदान तबकड्या निघाल्या होत्या. भ्रमणध्वनीवरील खेळांना तेवढाही देह नव्हता. ते दूरध्वनी कंपनीच्या यंत्रणेतून ग्राहकाच्या हातातील संचात उतरत आणि संचाबरोबरच भंगारात जात.

कायद्याने येथे दोन दरवाजे ठेवले आहेत. हक्कधारक कृतीचे पुनःप्रकाशन नाकारीत असेल आणि त्यामुळे ती लोकांपासून दूर राहत असेल, तर कलम ३१ अन्वये सक्तीचा परवाना मागता येतो. हक्कधारक सापडतच नसेल तर कलम ३१ अ आहे. परंतु परवाना मिळूनही पुनःप्रकाशित करावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. कारण त्यासाठी निदान एक प्रत हाती असावी लागते. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमामुळे कोणत्याही मराठी पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोहोचावी, अशी व्यवस्था आहे. १९५६ पासून वृत्तपत्रेही त्या व्यवस्थेत आली. व्हिडिओ गेम तीत येत नाहीत. कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आज्ञावलीची प्रत आहे, त्याला हानीपासून संरक्षणापुरती एक राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. त्याच कलमात २०१२ साली जतनासाठी आणखी एक सवलत घातली गेली. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याजवळील कृती जतनासाठी विद्युत्‌माध्यमात साठविता येईल. अट एवढीच की त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधीच असावी. पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली ही अट पुस्तकास तंतोतंत लागू पडते. व्हिडिओ गेमची अंकीय नसलेली प्रत कधी अस्तित्वातच नसते. त्यामुळे ज्या ग्रंथालयाने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ची तबकडी पदरचे पैसे खर्चून मिळविली असेल, त्यालाही या सवलतीचा आधार घेता येत नाही आणि तबकडी झिजेपर्यंत ती कपाटात ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.